बत्तीस बटणांत नसलेलं एक

अर्जदाराला बोलता येत नाही, हे अर्जदाराने स्वतः येऊन, तोंडी, अधिकाऱ्यासमोर सांगावं लागतं. हा माझा विनोद नाही. नियम चौदा-ब आहे, आणि तो खिडकीशेजारी चौकट करून लावलेला होता.

"मग बोलू द्या त्यांना," खिडकीतला कारकून म्हणाला.

"अहो, त्यांना बोलता येत नाही, म्हणून तर सरकारी योजनेतलं ते बोलकं यंत्र हवंय."

"बरोबर आहे. पण हे तुम्ही सांगताय."

मी वळून ह्यांच्याकडे पाहिलं. आमच्या ह्यांची एकतीस वर्षं पाणीखात्याच्या तक्रार-खिडकीमागे गेली. पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी दाढी करताना मेंदूतली नस अडली, उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. हात निम्मा परत आला. बोलणं आलं नाही. समजतं सगळं, शब्द ओठांपर्यंत येऊन थांबतो, आणि लिहायला घेतलं तर अक्षरं आपापल्या मर्जीने कुठेही जाऊन बसतात. तर मला वाटलं, हे चिडले असतील. पण हे त्या कारकुनाकडे, एखाद्या निवृत्त यष्टिरक्षकाने नव्या यष्टिरक्षकाचा झेल पाहावा, तसे पाहत होते. मनातल्या मनात टाळ्याही वाजवल्या असतील.

अर्ज तिथेच राहिला. बाजारात त्या यंत्राची किंमत विचारली आणि मी दुकानदाराच्या खुर्चीत न विचारता बसले. तेव्हाच ठरवलं, की हे आपणच करायचं. घरात मुलीचा जुना टॅबलेट पडलेला होता. त्याच्यावर चित्रांची बटणं, बटण दाबलं की आवाज. त्यात काय एवढं? आजवरच्या माझ्या प्रत्येक फजितीची सुरुवात याच तीन शब्दांनी झालेली आहे.

बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. वरच्या काकू म्हणाल्या, "घंटा द्या हातात. आमच्या सासूबाईंना दिली होती." मग थोडं थांबून, "आठ दिवसांनी आम्हीच लपवली ती," असंही म्हणाल्या. खालचे मॅनेजर, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर, म्हणाले, "वहिनी, अशा गोष्टी विकत घ्यायच्या असतात. करायच्या नसतात." मुलगी परगावी असते, ती फोनवर म्हणाली, "आई, तू त्या एआय असिस्टंटला सांग ना, मला असं असं हवंय म्हणून. पाच मिनिटांत सगळा कोड लिहून देईल."

"आणि उद्या बिघडलं तर?"

"तर परत त्यालाच सांगायचं."

"आणि मी काय करायचं?"

"तू बाबांजवळ बस."

"बसलेलीच असते," मी म्हणाले, आणि जरा जास्तच जोरात फोन ठेवला.

मी सतरा वर्षं एका ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात काम करते. मला स्वतःला गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट आमचे सर शिकायला येणाऱ्यांपासून लपवून ठेवतात. पण संगणक मी तिथेच शिकले, कुणीही न शिकवता: आधी फॉर्म भरायला, मग शिकवण्यांचं वेळापत्रक लावायला, मग ते वेळापत्रक सरांनी बिघडवलं की दुरुस्त करायला. आणि शिकवणं कसं असतं, तेही तिथेच पाहिलं. आमच्या गाड्यांना दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक बाजूला बसणाऱ्या उस्तादाच्या पायाशी. चांगला उस्ताद स्टिअरिंगला हात लावत नाही. खांबाच्या एक वीत आधी ब्रेक दाबतो आणि शांतपणे विचारतो, "आता काय दिसतंय समोर?"

तर पहिल्याच संध्याकाळी मी असिस्टंटला लिहिलं: "तू बाजूच्या सीटवर बसायचं. ब्रेक तुझ्याकडे. स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

त्याचं उत्तर आलं: "मान्य. तयार कोड देणार नाही. कुठे अडलंय ते विचारेन, चूक कुठल्या बाजूला आहे ते सांगेन. तुम्ही मागितलात, तरच लिहून देईन."

मला ते 'तुम्ही' आवडलं. 'मान्य' तर फारच आवडलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा शब्द मी घरात पहिल्यांदाच पाहत होते.

तिसऱ्या दिवशी मी मागितलाच. पडद्यावर लाल अक्षरांत एरर, डोळ्यांत पाणी, गॅसवर दूध. "देऊन टाक रे बाबा," असं लिहिलं. तो म्हणाला, "देईन. त्याआधी चौथी ओळ एकदा मोठ्याने वाचता का?" मी वाचली. कंस उघडला होता, मिटलेला नव्हता. दूध उतू गेलं, पण मी ते पुसताना हसत होते. तेव्हापासून मला ओळी मोठ्याने वाचायची सवयच लागली. वरच्या काकू चार जणींत सांगत होत्या, की मी कसल्याशा परीक्षेला बसले आहे.

असिस्टंटही सगळं बरोबरच सांगायचा असं नाही. पहिलं बटण तयार झालं, दाबलं, आवाजच नाही. त्याने दोन संध्याकाळी मला फाइलचं नाव तपासायला लावलं, फोल्डर तपासायला लावलं. तिसऱ्या संध्याकाळी कळलं, टॅबलेटचा आवाजच बंद होता. "हे मी सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. चूक माझी," असं त्याने लिहिलं. हे वाक्य मी ह्यांना वाचून दाखवणार होते, पण ह्यांना आता उत्तर देता येत नाही हे आठवलं आणि राहू दिलं.

मग आवाजाचा प्रश्न आला. टॅबलेटमधली बाई "पाणी" असं म्हणाली, की विमान दोन तास उशिरा सुटणार असल्यासारखं वाटायचं. हे दर वेळी दाराकडे बघायचे. मी ह्यांचा स्वतःचा आवाज शोधायला निघाले. दोन फोन, मुलीचा जुना संगणक, एक डबाभर कॅसेटी. मिळाले किती? नऊ सेकंद. मुलीच्या पदवीच्या दिवशी हे शूटिंग करत होते, त्यात कॅमेऱ्याच्या मागून आवाज येतो: "चालू आहे का? अगं, लाल दिवा दिसतोय का तुला? नाही ना? मग चालू नाही." फोटो शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकात तोंड मिटलेलं आहे. घरात एवढा बोलणारा माणूस, आणि कुणाला रेकॉर्ड करावंसं वाटलं नाही. नळ चालू असताना कोण पाणी भरून ठेवतं?

असिस्टंटला विचारलं. तो म्हणाला, आवाजाची नक्कल करणारी साधनं असतात, एवढ्यावरून जमेलही. पण आधी त्यांना विचारा, आवाज त्यांचा आहे. मी ह्यांच्यासमोर बसून विचारलं. ह्यांनी भिंतीकडे पाहत मान हलवली. नको.

पुरुषाचा आवाज हवा, असं मी दारात उभी राहून मुलीला फोनवर सांगत होते, आणि जिन्यात कुणीतरी घसा साफ केला.

"वहिनी," मॅनेजर म्हणाले, "बँकेच्या वार्षिक संमेलनात निवेदन मीच करायचो."

इथे एक सांगायला हवं. मॅनेजर आणि आमचे हे, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. पाण्याचा पंप किती वाजता लावायचा, यावरून. पंप सोसायटीचा, म्हणजे सेक्रेटरी म्हणून मॅनेजरांचा. पाणी खात्याचं, म्हणजे ह्यांचं. बोलत नव्हते असं दोघंही सांगायचे. प्रत्यक्षात रोज बोलायचे, माझ्यामार्फत. "त्यांना सांग" आणि "त्यांना सांगा" या दोन वाक्यांमध्ये माझी अकरा वर्षं गेली. पण ह्यांना बरं नाहीसं झाल्यापासून मॅनेजर रोज दारात येऊन "कसं आहे?" विचारून जायचे. आत कधी यायचे नाहीत. भांडायला माणूस उरला नाही, की भांडणाचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं, असं मला वाटतं. मला नाही म्हणवलं नाही.

बत्तीस वाक्यं रेकॉर्ड करायला त्यांनी दोन दिवस घेतले, इस्त्रीचा शर्ट घालून. "नुसतं 'पाणी' काय, वहिनी? बरं दिसत नाही," असं म्हणून त्यांनी माझा मसुदा सुधारला. 'पाणी'चं झालं, 'कृपया मला थोडे पाणी मिळू शकेल का'. 'पंखा'चं झालं, 'पंख्याची गती कमी करावी, ही विनंती'.

उद्घाटनाला स्पीच थेरपिस्ट बाईंना बोलावलं होतं. त्या आठवड्यातून दोनदा यायच्या, आरशासमोर बसवून ह्यांच्याकडून ओठांचे व्यायाम करून घ्यायला बघायच्या, आणि हे तोंड घट्ट मिटून आरशाबाहेर बघत बसायचे. जाताना दर वेळी त्या दारात हळूच म्हणायच्या, "प्रयत्नच करत नाहीत हो." मॅनेजर अकरा वर्षांनी उंबरठा ओलांडून आत आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. मी टॅबलेट ह्यांच्या मांडीवर ठेवला. ह्यांनी डाव्या हाताने पाण्याचं चित्र दाबलं.

टॅबलेटमधून मॅनेजर म्हणाले, "कृपया मला थोडे पाणी मिळू शकेल का."

ह्यांनी आधी टॅबलेटकडे पाहिलं. मग मॅनेजरांकडे. मग माझ्याकडे. ती नजर मी इथे लिहीत नाही. खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी परत दाबलं. आता दोन मॅनेजर म्हणाले, एक जरासा मागे. तिसऱ्यांदा दाबलं, चार झाले. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत आठ मॅनेजर एकदम पाणी मागत होते, गॅलरीपर्यंत. ह्यांनी टॅबलेट मांडीवर पालथा घातला. पालथ्या टॅबलेटखालून ती आठजणांची विनंती चालूच राहिली, आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसताहेत. थेरपिस्ट बाई हसल्याही. मग मी समोर जाऊन पाहिलं.

मॅनेजर चहा न घेता उठले. दारात माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांना सांगा, माझा तसा हेतू नव्हता."

"ऐकतायत ते. तुम्हीच सांगा," मी म्हणाले. पण त्यांना ते जमलं नाही.

त्या संध्याकाळी मी असिस्टंटला सगळं लिहिलं: एक, दोन, चार, आठ. तो म्हणाला, "बटण दाबल्यावर काय करायचं हे सांगणारी ओळ तुम्ही कुठे लिहिली आहे? ती एकूण किती वेळा चालते, मोजून बघा." मोजलं. ती ओळ मी बटणाच्या पोटातच लिहिली होती. म्हणजे दर वेळी दाबलं की बटण स्वतःलाच नव्याने शिकवत होतं, की दाबल्यावर बोल. ओळ बाहेर काढली. सुधारलं. चार महिन्यांतली सगळ्यात मोठी चूक मी माझ्या हाताने काढली होती, आणि मला जराही आनंद झाला नाही.

खाली त्याने आणखी लिहिलं होतं: "एक विचारू का? कोडबद्दल नाही. तुमच्या बत्तीस बटणांत नकार कुठेच दिसत नाही. त्यांना एखादी गोष्ट नको असेल, तर ते काय दाबतील?"

मी यादी परत वाचली. पाणी, चहा, पंखा, उशी, औषध. 'छान झालंय.' 'झोप लागली होती.' 'बरं वाटतंय.' 'तू जेवलीस का?' हे शेवटचं वाक्य ह्यांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. मी ते तिसऱ्या क्रमांकावर घातलं होतं. ह्यांना काय म्हणायचं असेल, याची यादी मी ह्यांना न विचारता केली होती, आणि त्यात मला काय ऐकायचंय तेवढंच होतं.

मी लिहिलं, "मान हलवतात. मला कळतं."

"तुम्ही त्यांच्याकडे बघत नसाल तेव्हा?"

ब्रेक लागला. मी खुर्चीतच वळले. आमचं टेबल भिंतीला लागून आहे, कारण प्लग तिथे आहे. चार महिने, रोज संध्याकाळी सात ते नऊ, मी भिंतीकडे तोंड करून बसत होते. मोठ्याने ओळी वाचत होते, त्याने काही लिहिलं की हसत होते, "अरे, असं होय!" म्हणत होते. आणि हे मागे आरामखुर्चीत बसून माझी पाठ बघत होते. आत्ताही बघत होते. त्या चार महिन्यांत मी सगळ्यात जास्त कुणाशी बोलले, हे मला कुणी मोजून सांगायची गरज नव्हती. ह्यांना बोलतं करायला मी जे करायला बसले होते, ते बरंचसं ह्यांचं गप्प बसणं बघावं लागू नये म्हणून करत होते. आठ दिवसांत झालं असतं ते चार महिने पुरवलं. तयार कोड मागितला नाही, तो काही सगळाच स्वाभिमान नव्हता.

मॅनेजर पुसून टाकले. नवा आवाज माझाच द्यायचा ठरलं. थेरपिस्ट बाई म्हणाल्या, घरातला आवाज बरा. या वेळी मी खुर्ची ह्यांच्यासमोर ओढून बसले आणि एकेक वाक्य विचारून घेतलं. 'छान झालंय' उडालं. 'तू जेवलीस का' दाखवलं तेव्हा हे जरा थबकले आणि मग तेही उडालं. 'दार लाव' आलं, 'दिवा बंद', 'हो'. 'नाही'साठी मी बारा वेळा रेकॉर्ड केलं. माझं 'नाही' म्हणजे 'नाही हं', नाहीतर 'नाही ना?'. हे प्रत्येक वेळी ऐकायचे आणि बोट आडवं करायचे. शेवटी मी वैतागून "नाही!" असं ओरडले. ह्यांनी बोट वर केलं. पास.

मग मी माझ्या परीने प्रायश्चित्त घ्यायचं ठरवलं. सरांना सांगितलं, एक तारखेपासून येणार नाही. सर म्हणाले, "मॅडम, एकदम ब्रेक मारू नका. मागून कोण येतंय ते बघा आधी." मी ऐकलं नाही. संध्याकाळी भांडी घासता घासता ह्यांना सांगितलं, "एक तारखेपासून मी घरीच. दिवसभर तुमच्यासमोर बसणार."

मागून माझाच आवाज ओरडला, "नाही!"

मला वाटलं, चुकून दाबलं गेलं. "अहो, सरांना सांगूनसुद्धा आले."

"नाही!"

"सतरा वर्षं केली ना नोकरी? पुरे झाली. तुमच्यासाठी करतेय मी हे."

"नाही!"

"मग काय, दिवसभर एकटेच बसून राहणार?"

"हो."

साबणाच्या हातांनीच मी वळले. "म्हणजे मी समोर नकोय तुम्हाला?"

ह्यांचं बोट बराच वेळ पडद्यावर फिरत राहिलं. एका चित्रावर थांबलं, पुढे सरकलं, परत मागे आलं. जे म्हणायचं होतं ते तिथे नव्हतं, हे मला दिसत होतं. आणि ते काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी ते बटण केलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी दाबलं, "हो."

भांडण झालं. दोन्ही बाजूंनी मीच बोलले, आणि हरलेही मीच.

मी अबोला धरला. न बोलणाऱ्या माणसाशी अबोला धरून बघा कधी. त्याला कळवायचं कसं, की आपण बोलत नाही आहोत? मी ताट जरा आपटून ठेवलं, पाणी न विचारता ठेवलं, उशी सारखी केली पण मायेने केली नाही. ह्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. सकाळी डबा, औषधं, टॅबलेट, सगळं हाताशी ठेवलं आणि "येते" न म्हणता कामावर निघाले. सरांना सांगायचं होतं, की माझं रद्द झालंय.

दोन मजले उतरले आणि लक्षात आलं, चष्मा राहिला. परत वर आले. किल्ली पर्समधून काढत होते, तेवढ्यात आतून मी ओरडले, "नाही!"

आत कुणी आलंय की काय? मी दाराला कान लावला.

"नाही!" माझा आवाज. मग काहीच नाही. मग दुसरा एक आवाज, जाड, ओला, घशाच्या तळातून ओढून काढल्यासारखा. "ना."

परत मी: "नाही!"

"ना... ना."

इतके महिने आरशासमोर मिटलेलं ते तोंड. थेरपिस्ट बाईंसमोर नाही, मुलीसमोर नाही, माझ्यासमोर तर नाहीच. दार बंद झालं, माझी पावलं दोन मजले खाली गेली, आणि मग ह्यांनी मला लावलं. माझ्यामागून म्हणत होते.

मॅनेजर गच्चीवरची टाकी बघायला वर येत होते. "वहिनी, काय झालं? आत कोण ओर—" असं म्हणता म्हणता त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मी ओठांवर बोट ठेवलं. आत मी पुन्हा "नाही!" म्हणाले. मग "ना". मग एक लांब श्वास, आणि त्यात अक्षर नव्हतं. मग खुर्चीच्या हातावर हाताची मूठ आपटल्याचा आवाज. मी किल्ली कुलपाला लावली होती. ती तशीच बाहेर काढली.

मॅनेजरांनी भिंतीला हात टेकला, गुडघे कुरकुरवत खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मी चपला काढून हातात घेतल्या. टाकी राहिली, चष्मा राहिला. आम्ही दोघं अनवाणी, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत गेलो. दर वळणावर वरून माझा आवाज येत होता, आणि त्याच्या मागून "ना". आम्ही दोघंही पुढच्या अक्षरासाठी थांबत होतो. तळमजल्यापर्यंत ते आलं नाही.